लॉइडने खाल्लेले सात टाको

पाहुणे तासभर आधी आले आणि सगळं तिथूनच बिघडलं.

चेलेम गावात एल्सी चानच्या अंगणात दर गुरुवारी बोटीवरचे लोक जेवायला येत. त्यांची चौदा मजली बोट सकाळी जवळच्या प्रोग्रेसो बंदराच्या धक्क्याला लागायची आणि दिवस मावळायच्या आत निघून जायची. मधल्या वेळात एल्सीचा भाचा विल्बर्ट आपल्या व्हॅनमधून दहा-बारा जणांना तिच्याकडे घेऊन यायचा. या लोकांना 'खरं' मेक्सिकन जेवण हवं असे. समुद्रकाठच्या हॉटेलांत बोटवाल्यांसाठी ठेवलेला टाको, म्हणजे पापडासारखी कडक दुमडलेली पोळी, आत खिमा आणि वर पिवळ्या चीजचा ढीग, तो त्यांना नको असे. निदान बायकांना नको असे. नवऱ्यांना कोणी विचारत नव्हतं.

अकराला यायची माणसं त्या गुरुवारी दहालाच दारात उभी. रविवारी अमेरिकेत उन्हाळ्यापुरती घड्याळं तासभर पुढे सरकली होती, त्यांच्यामागे बोटीवरचंही सरकलं होतं. आमचं युकातानचं घड्याळ कोणासाठी जागचं हलत नाही. दर मार्चमध्ये हे असंच होतं आणि दर मार्चमध्ये विल्बर्ट विसरतो.

"आत्या, माझं चुकलं," तो स्वयंपाकघरात डोकं घालून म्हणाला. "बोटीचे अकरा म्हणजे आपले दहा. त्यांना लिंबाचं सरबत देतो, पण तू हात उचल जरा."

"हात उचलला तर तुझ्या पाठीत बसेल," एल्सी म्हणाली.

खड्ड्यात भाजलेलं डुकराचं मांस तयार होतं. काळे घेवडे निळ्या एनॅमलच्या पातेल्यात शिजत होते. राहिली होती चाया. चाया ही आमच्याकडची परसातली पालेभाजी, आणि बोटीवरच्यांना तिचंच भारी कौतुक, कारण ती त्यांच्याकडे कुठे मिळत नाही. एल्सी कोयता घेऊन धावली. चायाची पानं तोडण्याआधी झाडाला विचारायचं असतं. समोर उभं राहून सांगायचं, बाई, चार पानं हवीत, खाणाऱ्याला त्रास देऊ नकोस. त्या दिवशी एल्सीने विचारलं नाही. सपासप पानं तोडली, मनगटावर लाल चट्टे उठले तरी थांबली नाही, आणि जे पाणी आधीच खळखळत होतं त्यात पानं टाकून मोकळी झाली. दहा मिनिटांत काढली, पिळली, चिरली, अंड्याबरोबर परतली. हात चालत होते, डोकं मागे राहिलं होतं.

बाहेर मेजावर व्हर्ना नावाची बाई बोलत होती. सडपातळ, मोठी टोपी, मेक्सिकोत अकरा वेळा आलेली. ती एल्सीला टाको शिकवत होती आणि विल्बर्ट ते स्पॅनिशमध्ये करून सांगत होता.

"म्हणतेय, खऱ्या टाकोत चीज कधीच नसतं. चीज घालणं हा तुमच्या जेवणाचा अपमान आहे म्हणे."

"मी घालते की कधी कधी," एल्सी म्हणाली. "पण तिला नको सांगूस. बिचारीला वाईट वाटेल."

व्हर्नाचा नवरा लॉइड बाजूला बसला होता. ऐंशीच्या घरातला, भला दांडगा माणूस. सदऱ्याची वरची बटणं उघडी, आणि छातीच्या मधोमध वरून खाली गेलेली टाक्यांची जुनी रेघ. त्याने समोरच्या बशीतल्या मऊ पोळीकडे आणि हिरव्या भाजीकडे पाहिलं आणि विल्बर्टला हळूच काहीतरी विचारलं.

"पिवळं चीज आहे का विचारतोय. बायकोला ऐकू जाऊ देऊ नका म्हणतोय."

एल्सीला हसू आलं. तिने मान हलवली. लॉइडने सुस्कारा सोडला आणि औषध घ्यावं तसा पहिला घास घेतला. मग थांबला. दुसरा घास घेतला. त्यानंतर तो कोणाशी बोललाच नाही. एक टाको संपला, दुसरा, चौथा. बाकीच्यांनी चायाचा एकेक खाऊन मांसाकडे मोर्चा वळवला. हा मात्र चायाच मागत राहिला. सात खाल्ले. एल्सीने मोजले, कारण रांधणारी बाई मोजतेच. शेवटी त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ काही सांगत राहिला.

"त्याची आई कुंपणावरचा असाच पाला तोडून आणायची म्हणे," विल्बर्टने सांगितलं. "दोन पाण्यांत उकळायची. ती गेल्यापासून कोणी करून घातला नाही. साठ वर्षं झाली."

एल्सीला भरून आलं. साडेअकराला व्हॅन गेली तेव्हा ती दारात उभी राहून हात हलवत होती.

तिची सासू दोन्या बासिलिया दुपारी भांड्यांना बसायची. म्हातारीची दृष्टी दहा वर्षांपूर्वीच गेली होती, पण हातांना सगळं दिसायचं. तिने एक पातेलं ओढलं, कडेवरून बोटं फिरवली, मग तळाशी राहिलेल्या पाण्यात बोट बुडवून नाकाशी नेलं.

"एल्सी, हे काय आहे यात?"

"चायाचं पाणी, आई. ओतून द्या."

"पातेलं कसलं आहे हे?"

एल्सीने वळून पाहिलं. तिच्या हातातली झाडणी तशीच राहिली.

ते नवं पातेलं होतं. जानेवारीत सहलीवाल्या कंपनीची एक बाई येऊन गेली होती, टवके उडालेली एनॅमलची भांडी पाहून तिने नाक मुरडलं, म्हणून विल्बर्टने चकचकीत अॅल्युमिनियमची तीन आणून दिली होती. एल्सी त्यांत भात करायची, पाणी तापवायची. चाया कधीच नाही. चाया आणि अॅल्युमिनियम एकत्र आले की विष होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शिवाय वीस मिनिटं उकळायची ती तिने दहा मिनिटांत काढली होती. आणि झाडाला विचारलंही नव्हतं.

"किती जणांनी खाल्लं?" म्हातारीने विचारलं.

"सगळ्यांनी एकेक." एल्सीने झाडणी खाली ठेवली. "एकाने सात."

दोन्या बासिलियाने पातेलं खाली ठेवलं आणि ओले हात मांडीवर पुसले. "माझा भाऊ सात वर्षांचा होता," ती म्हणाली. "घायपाताच्या मळ्यावर मालकाने नवी भांडी वाटली होती. आईला कुठे माहीत. दुपारी जेवला, खेळायला गेला. पोट धरून परत आला. दिवस मावळायच्या आत गेला."

"तो चायानेच गेला, कशावरून?"

"मला काय विचारतेस? मी पाच वर्षांची होते. मी एवढंच पाहिलं, की जेवला आणि गेला."

एल्सीला बाकीच्या अकरा जणांचे चेहरे आठवेनात, फक्त लॉइडच्या छातीवरची ती रेघ आठवत होती. चिरून शिवलेलं काळीज त्याचं, आणि त्यावर तिने सात टाको घातले. दोन पाण्यांत उकळायची, असं तो सांगत होता. सांगत होता आणि तिला नुसतं भरून येत होतं. तिने फोन उचलला.

विल्बर्ट समुद्रकाठी होता, मागे बँड वाजत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"कसे आहेत सगळे?" एल्सीने विचारलं.

"मजेत आहेत. पाण्यात डुंबतायत."

"आणि तो म्हातारा?"

"सावलीत झोपलाय."

"झोपलाय म्हणजे कसा झोपलाय? उठव त्याला."

"आत्या, दुपारी जेवून माणूस झोपतो. ऐक माझं. या गोष्टी आज्यांच्या आहेत. आणि समजा काही झालंच, तर बोटीवर दवाखाना आहे, डॉक्टर आहे. आपण तोंड उघडायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा का कंपनीच्या कानावर गेलं की आपण विष घातलं, की संपलं. पुन्हा कोणी दारात पाऊल ठेवणार नाही. तुझ्या नाही, माझ्याही नाही."

"त्या डॉक्टरला कळायला तर हवं ना काय खाल्लंय ते."

"गप्प बस, तुझ्या पाया पडतो," विल्बर्ट म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. तोही घाबरला होता, हे एल्सीला कळलं, आणि त्यामुळे तिची उरलीसुरली हिंमतही गेली.

चार वाजता बोट सुटणार. मग समुद्र. लॉइड मेला तरी तिला कळणार नव्हतं आणि जगला तरी कळणार नव्हतं. आयुष्यभर आपण एक माणूस मारला की नाही, हे माहीत नसलेली बाई होऊन ती याच चुलीपुढे बसणार होती.

तिने कढईवरचं झाकण काढलं. कढईत चायाची भाजी उरली होती. तिने पोळ्या मोजून घेतल्या, सात, आणि भरायला लागली.

"काय करतेस गं?" आवाजाने म्हातारी वळली.

"खातेय."

"वेडी झालीस का?"

"त्याला जे होईल ते मला होईल," एल्सी म्हणाली. "मला तेवढं तरी कळेल."

घास तोंडात फिरत होता, खाली उतरत नव्हता. तिसऱ्या टाकोपासून ती रडत खात होती. चव चांगली होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट. सात संपले तेव्हा म्हातारी तिच्या शेजारी येऊन बसली होती. ती ओरडली नाही. तिने एल्सीच्या मनगटावरच्या चट्ट्यांवर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "आता जाऊन सांग त्यांना. इथे बसून काय उपयोग?"

प्रोग्रेसोच्या सामायिक टॅक्सीत खिडकीशी बसल्यावर पहिली कळ आली. एल्सीने दात आवळले. कळ गेली. तिने हिशेब केला, लॉइडने खाऊन तीन तास झाले, मला अर्धा. म्हणजे मला आत्ता जे होतंय ते त्याला केव्हाच होऊन गेलं असेल. दुसरी कळ आली तेव्हा तिला दरदरून घाम फुटला. शेजारच्या बाईने विचारलं, काय होतंय. एल्सी म्हणाली, काही नाही, गाडी लागते.

बोटीवरच्या लोकांना धक्क्याच्या टोकापर्यंत नेणाऱ्या बस एका फाटकातून सुटतात. गाववाल्यांना आत सोडत नाहीत. फाटकाबाहेर विल्बर्टची व्हॅन उभी होती आणि माणसं उतरत होती. एल्सीने चेहरे मोजले. नऊ. दहा. मग व्हर्ना, टोपी सावरत. मग बराच वेळ कोणीच नाही. शेवटी विल्बर्टच्या खांद्यावर हात टाकून लॉइड उतरला. उन्हाने लालबुंद झालेला, डोळे अर्धवट मिटलेले. तिला पाहून त्याने दोन्ही हात पसरले.

"तू इथे कशाला आलीस?" विल्बर्ट तोंड न हलवता म्हणाला.

"सांग त्याला. पातेल्याचं सांग. डॉक्टरकडे जा म्हणावं."

विल्बर्टने तिच्याकडे पाहिलं, मग लॉइडकडे, आणि हसून इंग्रजीत दोन वाक्यं बोलला. लॉइडचा चेहरा फुलला. त्याने एल्सीला मिठी मारली आणि पोटावरून हात फिरवून काही म्हणाला. व्हर्नानेही तिचा गाल थोपटला.

एल्सीला इंग्रजी येत नव्हतं, पण माणसाला विष पोटात गेल्याचं सांगितलं तर तो मिठी मारत नाही, एवढं तिला कळत होतं.

"तू नाही सांगितलंस."

"सांगितलं."

"काय सांगितलंस?"

विल्बर्टने मान खाली घातली. "तुझी आठवण येईल म्हणून निरोप द्यायला आली, असं सांगितलं. आत्या, घरी पोरं आहेत माझी."

रांग पुढे सरकली. फाटकावरचा पहारेकरी लोकांची कार्डं पाहत होता. लॉइडने खिशात हात घातला. तो आत गेला की संपलं. आपण हे करणार आहोत हे एल्सीला कळत होतं आणि आपल्याच्याने होणार नाही असंही वाटत होतं. तिने लॉइडची बाही पकडली.

"डॉक्टर," ती म्हणाली. तो शब्द त्यांच्याकडेही तोच आहे. तिने त्याच्या पोटावर बोट ठेवलं, मग आपल्या पोटावर. "चाया. डॉक्टर. डॉक्टर." आणि तिने हाताने ओकल्याची खूण केली, आणि मग, कळावं म्हणून, डोळे मिटून मान कलती टाकली.

लॉइडचं हसू जागच्या जागी थांबलं. रांगेतले सगळे वळले. व्हर्नाने एल्सीचा हात झटकला आणि विल्बर्टवर ओरडायला लागली. हीच बाई सकाळी म्हणत होती की तिला मेक्सिकोत कधी कसली भीती वाटत नाही. बाकीचे आपापल्या पोटाकडे पाहू लागले. पहारेकऱ्याला इंग्रजी येत होतं. तो जवळ आला.

"काय घातलंस यांना?" त्याने एल्सीला विचारलं.

"चाया. अॅल्युमिनियममध्ये शिजवलेली. अर्धीकच्ची."

पहारेकरी किनाऱ्यापासून आतल्या एका गावातलाच होता. त्याचा चेहराच सांगत होता की त्यालाही त्याच्या आजीने तेच सांगितलं होतं. त्याने सगळं इंग्रजीत सांगितलं, काही न वगळता, आणि मग हातातल्या बिनतारी यंत्रावर कोणालातरी हाक मारली. बोटीचा गणवेश घातलेली दोन माणसं चाकाची खुर्ची घेऊन आली. त्यातल्या एकाने विल्बर्टच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र मागितलं. विल्बर्टने ते काढून दिलं. तो एल्सीकडे बघतच नव्हता.

लॉइड खुर्चीत बसताना पहारेकऱ्याला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतोय?" एल्सीने विचारलं.

"म्हणतोय, तीन दिवस बोटीवरचं खातोय, ते पचलं तर हेही पचेल." पहारेकरी हसला नाही. "आणि विचारतोय, तुला काय झालंय? तुझा चेहरा पांढराफटक पडलाय म्हणतो."

बसचं दार लागलं.

परतीची टॅक्सी तिने एकटीने पकडली. विल्बर्टने विचारलंही नाही.

चेलेमच्या किनाऱ्यावरून धक्का सबंध दिसतो. दोन्या बासिलिया खुर्ची टाकून बसलीच होती, दुसरी खुर्ची रिकामी ठेवून. चारला बोट हलली. आधी ती जागचीच वाटली, मग धक्का आणि तिच्यामध्ये पाणी दिसायला लागलं.

"कसं आहे?" म्हातारीने विचारलं.

"कळ येते आणि जाते."

"भीतीनेही येते."

"मग ही कुठली, कसं ओळखायचं?"

"थांबायचं," म्हातारी म्हणाली.

एल्सी थांबली. पाच वाजता तिचे पाय गार पडले. तिला वाटलं, आता याच वेळी तिकडे तोही गार पडत असेल. तिने म्हातारीचा हात धरला आणि सात वर्षांच्या त्या पोराचं नाव विचारलं. एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. "पास्तोर," म्हातारी म्हणाली. बोट मुठीएवढी झाली, मग बोटाच्या पेराएवढी. साडेपाचला एक मोठी कळ आली, एल्सी दुमडून बसली, देवाचं नाव घेतलं, मेरिदा शहरात कामाला असलेल्या पोरांची नावं घेतली. कळ गेली. नंतर बराच वेळ काही आलं नाही, आणि ते काही न येणंच तिला जास्त भिववू लागलं.

"मावळला का गं?" म्हातारीने विचारलं.

"मावळतोय."

समुद्रावर बोट दिसत नव्हती. कडेची शेवटची तांबडी रेघ पाण्यात गेली.

"मावळला," एल्सी म्हणाली.

एल्सी पोटावर हात ठेवून आत काय चाललंय ते ऐकत होती. काहीतरी होतं तिथे. ओळखीचं होतं, पण इतक्या भीतीत ते तिला चटकन ओळखता आलं नाही.

"आई," ती म्हणाली, "मला भूक लागलीय."

आणि तिला हुंदका आला. पुढच्या गुरुवारी कोणी येणार नव्हतं, त्याच्या पुढच्याही नाही. विल्बर्ट तिचं नाव टाकणार होता आणि त्याचं काही चुकणार नव्हतं. भर रस्त्यात तिने स्वतःला विष घालणारी बाई म्हणवून घेतलं होतं, आणि ते विषच नव्हतं. हे सगळं तिला कळत होतं, आणि तरी ती रडत रडत हसत होती, कारण बोटीवर कुठेतरी लॉइडही आत्ता जेवायला मागत असणार, आणि व्हर्ना त्याला काहीएक देत नसणार.